थेरपी केंद्रातली आणि घरातली

मूल अजून बसत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, दोन वर्षांचं झालं तरी चार शब्द बोलत नाही, अशी शंका आली की पहिला सल्ला घरातूनच मिळतो. त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता. मुलगे जरा आळशीच असतात. जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा. दुसरा सल्ला डॉक्टरांचा. काही डॉक्टर सहा महिने वाट बघायला सांगतात, काही त्याच दिवशी ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी) आणि ‘स्पीच’ची चिठ्ठी लिहून देतात. तिसरा थेरपी केंद्राचा, आणि चौथा हल्ली नात्यातल्या कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओचा. चारही सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ज्या घराला निर्णय घ्यायचा असतो त्याच्याकडे वेळ थोडा आणि पैसा मोजकाच असतो.

या प्रश्नावर गेल्या पन्नासेक वर्षांत भरपूर संशोधन झालं आहे. त्यातलं काही मोलाचं काम पुणे, गोवा आणि बेळगाव इथलं आहे, पण ते मराठी वाचकांपर्यंत फारसं पोहोचलेलं नाही. हा आढावा शून्य ते सहा वर्षांच्या मुलांपुरता आहे. वरवर पाहता वाद पद्धतींचा दिसतो: कोणती थेरपी खरी आणि कोणती नुसती जाहिरात. पुरावे वाचत गेलं की मात्र मला त्याखाली दुसराच प्रश्न दिसतो. थेरपी देणार कोण, आणि घरात तिचा भार कुणाच्या अंगावर पडणार?

उशीर मोजायचा कसा

‘विकासातील विलंब’ हे रोगाचं नाव नाही. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोट दाखवणं, शब्द जुळवणं या टप्प्यांत मूल आपल्या वयाच्या मुलांपेक्षा बरंच मागे आहे, एवढंच ते सांगतं. का मागे आहे, याची उत्तरं अनेक. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, जन्मताना मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, तीव्र कावीळ, डाउन सिंड्रोमसारखी जनुकीय कारणं, थायरॉइडची कमतरता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता. आणि कधीकधी सगळ्या तपासण्या करूनही काहीच हाती लागत नाही. बोलण्याची थेरपी सुरू करण्याआधी कान तपासून घ्यावेत, हा साधा नियम आहे. ‘बेरा’ चाचणी झोपलेल्या बाळाचीही करता येते. तरी हा नियम आजही मोडला जातो, हे या क्षेत्रातलं सर्वात टाळता येण्याजोगं दुर्दैव.

भारतात मोजमापाचं काम बडोद्यात सुरू झालं. नॅन्सी बेली यांची अमेरिकी मोजपट्टी प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाळांसाठी बेतली. तिच्यातून ‘डीएएसआयआय’ ही चाचणी आली, आणि आजही आपल्याकडचे बरेच अहवाल तिच्यावरच लिहिले जातात. १९९१ मध्ये केरळमध्ये डॉ. एम. के. सी. नायर यांच्या गटाने त्रिवेंद्रम तक्ता तयार केला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी फक्त १७ बाबी, त्यामुळे गावातली आरोग्य सेविकासुद्धा तो काही मिनिटांत भरू शकते. मुंबईच्या ‘उम्मीद’ संस्थेने तुर्कस्तानातल्या इल्गी एर्तेम यांच्या मार्गदर्शिकेवर काम केलं. तिच्यात मुलाकडून ठोकळे रचून घेत नाहीत. ‘तुमचं बाळ काय हवं ते तुम्हाला कसं सांगतं?’ असे मोकळे प्रश्न आईला विचारतात. अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या चार देशांतला तिचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन वर्षांतले बहुतेक टप्पे चारही देशांतली निरोगी मुलं जवळपास एकाच वयात गाठतात, असं त्यात दिसलं. ‘आपल्याकडची मुलं उशिराच करतात’ या समजुतीला त्यातून फारसा आधार मिळत नाही.

अशी मुलं किती, याचा सर्वात भक्कम आकडा त्याच वर्षीच्या इन्क्लेन अभ्यासातून आला. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी जवळपास चार हजार मुलं घरोघर जाऊन तपासली गेली. मेंदूच्या विकासाशी संबंधित नऊ प्रकारच्या अडचणींपैकी किमान एक अडचण दोन ते सहा वर्षांच्या ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत आढळली. ठिकाणागणिक फरक मोठा होता, म्हणून हे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण वर्गात एखादंच असं मूल असतं ही कल्पना तरी सोडून द्यावी लागते.

टप्पे कुठे आखायचे यावरही एकमत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने आपला तक्ता बदलला आणि ७५ टक्के मुलं जे करतात तेच त्या वयाचा टप्पा म्हणून धरलं. ‘रांगणं’ त्यातून वगळलं. शंका लवकर घेता येईल, असं समर्थक म्हणाले. काही टप्पे पुढे ढकलल्यामुळे उलट मदतीला उशीर होईल, असं कित्येक स्पीच थेरपिस्ट म्हणाले. हा वाद मिटलेला नाही.

थांबायचं की लगेच सुरू करायचं

लवकर सुरू करा म्हणणाऱ्यांचा सर्वात मोठा आधार जमैकातला आहे. तिथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या १२९ बालकांवर प्रयोग केला. आरोग्य सेविका दर आठवड्याला घरी जात आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवत. दोन वर्षांच्या या कामाचा परिणाम वीस वर्षांनी तपासला, तेव्हा या मुलांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. ही मुलं प्रामुख्याने कुपोषणामुळे मागे पडली होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. जनुकीय कारण असलेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला हा निष्कर्ष लावताना हात आखडता घ्यावा लागतो.

दुसरी बाजूही कमी वजनाची नाही. बाकी सगळं ठीक असलेली पण बोलायला उशीर लावणारी निम्म्याहून अधिक मुलं शाळेत जाईपर्यंत आपोआप बरोबरीला येतात. त्या सगळ्यांवर शिक्का मारून केंद्रात धाडायचं का? अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयातून घरी पाठवल्यावर दिलेल्या उपचारांचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये आला. बुद्धीच्या विकासाला त्यांचा फायदा शाळापूर्व वयापर्यंत दिसतो, शालेय वयात तो टिकल्याचं दिसत नाही, आणि हालचालींवरचा परिणाम तुटपुंजाच राहतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून ‘पहिल्या हजार दिवसांत केलं नाही तर गेलं’ ही घोषणा ऐकायला दमदार असली तरी पुराव्यांच्या पुढे धावते. तिच्यामुळे चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले आईबाप विनाकारण अपराधी होतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातला अभ्यास इथे आठवतो. १९८७ ते १९८९ दरम्यान नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. आपल्या देशात इतक्या चिवटपणे मुलांच्या मागे राहणं दुर्मीळच. यातल्या बहुतेकांची बुद्धी सामान्य मर्यादेत होती, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी. काहींच्या अडचणी वाचनात आणि गणितात, म्हणजे शाळेत गेल्यावर उघड झाल्या. ‘दोन वर्षांचं झालं, सगळं ठीक आहे’ असं सांगून फाइल बंद करणं किती घाईचं आहे, ते यातून कळतं.

दोन्ही बाजूंचे लोक आता एका मुद्द्यावर जवळ आले आहेत. निदानाच्या नावाची वाट न बघता घरातलं खेळणं, बोलणं, गोष्टी सांगणं वाढवावं. त्याने कुणाचं नुकसान होत नाही. खर्चिक थेरपीबाबत मात्र थोडा धीर धरायला हरकत नाही. अपवाद मोजके: कान, डोळे, फिट्स, आणि शिकलेलं विसरत चाललेलं मूल. तिथे थांबायचं नाही.

पद्धतींचा हिशोब

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या इव्हार लोवास यांनी १९ स्वमग्न मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्याला ४० तास थेरपी, एकेक कौशल्य तुकडे करून शिकवायचं, बरोबर केलं की बक्षीस. १९ पैकी ९ मुलं सामान्य वर्गात पोहोचली, असं त्यांनी लिहिलं. त्या एका आकड्याने जगभरच्या पालकांना आशा दिली आणि एका मोठ्या व्यवसायाला जन्मही दिला. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि मोठ्याने ‘नाही’ ओरडणं, मांडीवर चापट मारणं असले प्रकारही त्यात होते. लहानपणी या पद्धतीतून गेलेले काही स्वमग्न प्रौढ आज तिच्या विरोधात उघड बोलतात. ही पद्धत, म्हणजे एबीए, वापरणारे थेरपिस्ट सांगतात की शिक्षा कधीच मागे पडली आणि आजची पद्धत खेळातून चालते. दोघांचंही म्हणणं त्यांच्या त्यांच्या काळापुरतं खरं असू शकतं.

पुढे वर्तनशास्त्र आणि बालविकास यांची सांगड घालणाऱ्या पद्धती आल्या. त्यातल्या डेन्व्हर मॉडेलचा प्रयोग २०१० मध्ये ४८ लहान मुलांवर झाला आणि बुद्ध्यांकात ठळक वाढ दिसली. २०२० मध्ये मायकेल सँडबँक यांच्या गटाने स्वमग्न लहान मुलांवरचे उपलब्ध प्रयोग एकत्र तोलले. कमअस्सल प्रयोग बाजूला काढल्यावर खेळ आणि रोजच्या व्यवहारातून शिकवणाऱ्या पद्धतींच्या बाजूने त्यातल्या त्यात बरा पुरावा उरला, तोही मध्यम आकाराच्या परिणामाचा. उपचारांचे दुष्परिणाम नोंदवायची पद्धतच या क्षेत्रात नाही, ही त्याच गटाने पुढे आणलेली गोष्ट मला अधिक खुपली.

आपल्याकडे पंचेचाळीस मिनिटांचं सेशन, आठवड्याला दोन किंवा तीन, असा हिशोब असतो. शहरात एका सेशनचे पाचशे-हजार रुपये आणि वर रिक्षा. आठवड्याला चाळीस तास हवेत की कमी चालतील, हा वाद आपल्या संदर्भात त्यामुळे बराचसा कागदी ठरतो.

सेरेब्रल पाल्सीत चित्र जास्त स्पष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने घडवलेली पद्धत जगभर पसरली आणि आपल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांतही रुजली. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक यांनी २०१३ मध्ये आणि नंतर पुन्हा सगळा पुरावा सिग्नलच्या रंगांत मांडला. मूल स्वतः काहीतरी करायचा प्रयत्न करतं ते उपचार हिरव्यात. मूल निजलेलं किंवा धरलेलं असतं आणि थेरपिस्ट त्याचे हातपाय हलवतो, ते हिरव्यात बसत नाहीत. तीन वर्षांची मुलगी डाव्या हाताने चकलीच्या डब्याचं झाकण उघडायला धडपडते आहे, डबा घसरतो आहे, कुणी तो फक्त धरून ठेवला आहे, झाकण मात्र तिनेच काढायचं. हे तिच्या हाताला तासभर चोळण्यापेक्षा उपयोगी ठरतं. बोबाथ पद्धतीचे जाणकार म्हणतात की आजची त्यांची पद्धतही बदलली आहे आणि जुन्या प्रयोगांवरून तिला जोखणं न्यायाचं नाही. शहरांतल्या केंद्रांत दोन्ही प्रकार एकाच छताखाली चालतात, आणि आपल्या मुलाला कोणता मिळतो आहे, हे पालकांना बहुधा ठाऊक नसतं.

झोके, बॉलपूल, अंगावर ब्रश फिरवणं यांसकट ‘सेन्सरी’ थेरपी आपल्याकडे सर्वात लोकप्रिय आहे. तिचं मूळ अमेरिकेच्या जीन एअर्स यांच्या १९७२ च्या पुस्तकात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने सांगितलं की एकूण कार्यक्रमाचा भाग म्हणून ती चालेल, पण पुरावा अपुरा आहे हे पालकांना सांगा. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगात नेहमीच्या सेवेपेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. तिच्या बाजूने २०१४ चा ३२ मुलांचा एक नेटका अमेरिकी प्रयोग आहे, त्यात पालकांनी ठरवलेली रोजच्या जगण्यातली उद्दिष्टं मुलांनी जास्त प्रमाणात गाठली. थोडक्यात, झोक्याने मूल शांत होतं हे अनेक घरांनी अनुभवलं आहे. त्याने ते बोलायला लागेल, हे कुणी दाखवलेलं नाही.

स्टेम सेलबाबत मात्र वादाला जागा नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्य वापरांपलीकडे स्टेम सेल फक्त संशोधनातच देता येतात, तेही पैसे न घेता. घर किंवा शेत विकून ते टोचून घ्यायला निघालेल्यांना एवढं एक वाक्य वेळेवर कुणी सांगायला हवं.

घरातली थेरपी

सर्वाधिक रंजक काम घरात द्यायच्या थेरपीवर झालं आहे, आणि त्यातलं बरंच आपल्या अंगणातलं. बेळगाव, पाकिस्तान आणि झांबिया इथे जन्मतःच श्वास घ्यायला अडचण आलेल्या बाळांच्या घरी दर पंधरा दिवसांनी एक प्रशिक्षित कार्यकर्ती जात असे आणि आईला वयानुरूप खेळ शिकवत असे. तीन वर्षांनी या मुलांचा विकास तुलनेच्या गटापेक्षा पुढे होता, आणि ज्या घरांनी खेळ जास्त नियमाने केले त्यांच्यात फायदाही जास्त दिसला.

गोव्यातला प्रयोग स्वमग्न मुलांचा. ‘संगत’ संस्था आणि रावळपिंडीतला गट यांनी ब्रिटनमधली एक पद्धत दक्षिण आशियाच्या घरांसाठी बेतली. तज्ज्ञांऐवजी साध्या कार्यकर्त्यांनी ती द्यायची होती. ६५ मुलांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला. पद्धत ऐकायला साधी आहे. आई मुलाशी दहा मिनिटं खेळते, कार्यकर्ती त्याचं चित्रण करते आणि मग दोघी ते एकत्र बघतात. त्यात आईला स्वतःलाच दिसतं की मूल गाडीचं चाक फिरवत असताना आपण ‘हा कोणता रंग? सांग ना, कोणता रंग?’ असं सहादा विचारलं. पुढच्या वेळी ती चाकाकडेच बघते आणि ‘गोल गोल’ म्हणते. मूल मान वर करतं. निकालात आईचा सूर मुलाशी चांगलाच जुळला, मूल स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागलं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला. असं का झालं, याचं समाधानकारक उत्तर संशोधकांनाही देता आलं नाही. हा विरोधाभास त्यांनी लपवला नाही, याचं कौतुक करायला हवं.

घर म्हणजे फक्त आई आणि मूल नव्हे, हे मात्र प्रयोगांच्या आराखड्यात क्वचितच येतं. नेहमीचा प्रसंग घ्या. थेरपिस्टने सांगितलेलं असतं की पाणी लगेच देऊ नका. पेला दाखवा, मनात दहा आकडे मोजा, त्याने हात केला किंवा आवाज काढला की द्या. सून पेला धरून थांबते. तिसऱ्या आकड्याला आजी माजघरातून येतात आणि म्हणतात, ‘अगं, लेकराला पाण्यासाठी ताटकळत ठेवतेस होय?’ पेला मुलाच्या तोंडाला लागतो. दोघींचीही माया खरी असते. आजींना केंद्रात एकदा बोलावून तोच पेला त्यांच्या हातात देणारे थेरपिस्ट आहेत, आणि त्यांचं काम पुढे सरकतं असं या क्षेत्रातले अनेकजण सांगतात. त्यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

पालकांकडून थेरपी करून घेण्याला विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं टाळता येण्यासारखं नाही. ‘पालक’ म्हटलं तरी व्यवहारात ती आईच असते. तिने नोकरी सोडलेली असते, स्वयंपाक करायचा असतो, दुसरं मूल शाळेतून यायचं असतं, आणि दर सोमवारी ‘होम प्रोग्रॅम केला का?’ या प्रश्नाला तोंड द्यायचं असतं. मूल पुढे सरकलं नाही की दोष कुणाकडे जातो, हे सांगायला नको. याला जुना इतिहासही आहे. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. बर्नार्ड रिमलँड यांनी त्याआधी तीन वर्षं या कल्पनेचा पुराव्यानिशी समाचार घेतला होता, तरी ती अनेक वर्षं घराघरांत फिरत राहिली. विरोधकांची दुसरी भीती सरकारविषयी आहे: आईच थेरपी देते म्हटल्यावर तज्ज्ञांची पदं भरायची कशाला?

समर्थकांकडे याला एक चांगलं उत्तर आहे. नोवाक यांच्याच २००९ च्या प्रयोगात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या कुटुंबांनी स्वतः निवडलेली उद्दिष्टं घेऊन घरी सराव केला. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं, महिन्यातून साधारण सतरा दिवस. एवढ्यानेही आठ आठवड्यांत फरक पडला. अट एकच, उद्दिष्ट घराने ठरवलेलं असावं. पंचवीस व्यायामांचा छापील कागद म्हणजे होम प्रोग्रॅम नव्हे. मला हा युक्तिवाद पटतो, पण आईच्या वेळेची किंमत कुठल्याच अभ्यासाच्या खर्चाच्या रकान्यात नीट मांडलेली दिसत नाही. ती मांडेपर्यंत ‘घरची थेरपी स्वस्त’ असं म्हणणं घाईचं ठरेल.

कोणत्या भाषेत

पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या मराठी घरांना हमखास मिळणारा एक सल्ला असा: मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा बोला. आणि ती बहुधा इंग्रजी, कारण थेरपी इंग्रजीत, कार्डांवर ‘अ‍ॅपल’ आणि पुढे शाळाही इंग्रजी. या सल्ल्यामागे पुरावा नाही. कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर २००५ मध्ये आणि स्वमग्न मुलांवर २०१२ मध्ये अभ्यास झाले. दोन भाषांत वाढणारी मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. उलट भीती अशी की आईला जी भाषा सहज येत नाही तिच्यात ती कमी आणि तुटक बोलते, आणि आजी-आजोबा तर गप्पच होतात. चिऊ-काऊचा घास भरवताना होणारं बोलणं इंग्रजीत आणायचं म्हटलं की बहुतेक घरांत ते थांबतंच. थेरपिस्टांचीही अडचण खरी आहे: मराठीतल्या प्रमाणित भाषाचाचण्या मोजक्याच, आणि शहरातल्या केंद्रांत एकाच सकाळी मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू घरांतली मुलं येतात.

चित्रं किंवा यंत्र वापरून बोलायला शिकवलं तर मूल तोंडाने बोलणारच नाही, ही भीतीही अशीच. २००६ च्या आढाव्यात तसा एकही पुरावा मिळाला नाही. बऱ्याच मुलांचं बोलणं थोडं वाढलंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे.

कशासाठी

१९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने पालकांना उद्देशून एक निबंध लिहिला. त्यानंतर हळूहळू उभ्या राहिलेल्या चळवळीचं म्हणणं असं की मुलाला इतरांसारखं दिसायला शिकवणं हे थेरपीचं ध्येय असूच नये. जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं, हात फडफडवणं बंद करणं याने कुणाचं भलं होतं? भारतातले अनेक पालक यावर विचारतात, ‘आमच्यानंतर याचं काय?’ ज्या समाजात आधाराची यंत्रणा कुटुंबच आहे, तिथे कपडे घालता येणं आणि वर्गात बसता येणं ही चैन नाही, असं त्यांना वाटतं. दोन्ही बाजू मुलाच्या भल्याचंच बोलतात. मुंबईत १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी सुरू करणाऱ्या मिठू अलूर यांची सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी मालिनी चिब यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. त्यांनी एका बोटाने टाइप करत आपलं आत्मकथन लिहिलं. चालणं आणि स्पष्ट बोलणं एवढंच ध्येय धरलं असतं तर त्यांच्या नावावर अपयशच लिहावं लागलं असतं.

यंत्रणा आणि कायदा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, हे महाराष्ट्रात फारसं कुणाच्या लक्षात नाही. दोन डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातं, शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र उपचार केंद्रात (डीईआयसी) पाठवतं. कल्पना उत्तम आहे. पण दुर्गम तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून दोनदा येणं म्हणजे मजुरीचे दोन दिवस बुडवणं, आणि थेरपीचा सगळा उपयोग तर नियमितपणात. म्हणून बेळगाव-गोव्याच्या प्रयोगांचा धडा इथे सर्वात जास्त लागू पडतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली, ती त्याच दिशेची आहे. पोषण, नोंदी, लसीकरण, निवडणुकीची कामं यांत बुडालेल्या अंगणवाडी ताईंना हे काम खरोखर करता येईल का, हा प्रश्न उघडाच आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत ‘विकासातील विलंब’ हे स्वतंत्र नाव नाही. पाच वर्षांखालच्या मुलाची नोंद बौद्धिक अक्षमतेच्या सदराखाली होते, आणि त्या रकान्यापाशी अनेक घरं थबकतात. शिक्का नको म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीला त्यातला मर्यादित हिस्सा मिळतो. कागद लवकर करून घ्या म्हणणारे आणि मूल सावरेल, नाव चिकटवू नका म्हणणारे, असे दोन तट डॉक्टरांतही आहेत.

मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, आणि साधारण त्याच वयात शीघ्र उपचारांवरचं लक्ष संपतं. त्याआधीच्या तीन ते सहा या वर्षांत बालवाडी मुलाला घेते की नाही, घेतली तर सोबतीला ‘शॅडो टीचर’ आणा म्हणते का, आणि तिचा पगार कुणी द्यायचा, याचे निर्णय शाळेगणिक वेगळे होतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचं वय शिक्षणात धरलं आहे. थेरपिस्ट आणि बालवाडीच्या ताई यांनी एकाच मुलासाठी एकत्र बसायचं कधी आणि त्या वेळेचा मोबदला कुणी द्यायचा, ही तरतूद मात्र अजून कुणाच्याच अंदाजपत्रकात ठळकपणे आलेली नाही.